वृक्षपूजा आणि वृक्षशुश्रूषा
(मठाच्या वर्धापनोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



मठ म्हटला की पार आला, आणि पार म्हटला की अश्वत्थ आला. गोव्यात असो, बेळगावच्या बाजूस असो, इंदूर-ग्वाल्हेरीकडे असो की हैदराबादच्या जुन्या वस्तीत असो, मराठी माणूस जेथे जेथे जाऊन राहिला तेथे तेथे त्याने दारात तुळस आणि देवळापुढे पिंपळ लावला. वडोदरा नगरीने तर आपले नावच वडाच्या उदरावरून घेतले. गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंतांनी सर्व वृक्षांत आपण अश्वत्थ असल्याचे सांगितले, आणि पंधराव्या अध्यायात त्याच अश्वत्थाला संसाराची उपमा देऊन तो छेदावयास सांगितला. ते शस्त्र मात्र असंगाचे आहे, लोखंडाचे नव्हे. आणि आपल्या लोकांनी हा भेद इतका मनावर घेतला की पिंपळाची वाळलेली फांदी काढतानाही गवंड्याचा हात थरथरतो.

ही श्रद्धा मोठी आहे. तिच्यामुळेच कोकणात, गोव्यात आणि घाटमाथ्यावर देवराया टिकल्या. जेथे कायद्याचा शिपाई पोचला नाही तेथे देवाच्या भयाने कुऱ्हाड थांबली. परंतु झाड न तोडणे आणि झाड जपणे ह्या दोन गोष्टी एकच आहेत काय? देवराईत हा प्रश्न उद्भवत नाही, कारण तेथे पडलेले पान तेथेच कुजते आणि झाडाचा संसार झाडाच्याच हाती असतो. पारावरच्या झाडाचे तसे नाही. त्याच्या मुळांवर माणसे बसतात, त्याच्या बुंध्याशी दिवे जळतात, शनिवारी तेल ओतले जाते, उत्सवात दिव्यांच्या माळांसाठी खिळे ठोकले जातात. आणि देणगीदाराची इच्छा म्हणून जुन्या दगडी पाराच्या जागी एके दिवशी सिमेंट आणि चकचकीत फरशी येते, ती थेट खोडाला भिडवून. झाड तोडले कोणीच नाही. तरीही पाचदहा वर्षांत शेंडे वाळू लागतात, आणि मग कोणी तरी कलियुगाला दोष देतो.

इतर देशांतील लोक आपल्या जुन्या झाडांशी कसे वागतात, हे पाहणे या दृष्टीने उपयोगाचे आहे. कोणाचे अनुकरण करावे म्हणून नव्हे. प्रत्येक समाजाच्या मनात झाड म्हणजे काय याविषयी एक निराळी कल्पना असते आणि त्या कल्पनेप्रमाणे त्याचा हात चालतो.

प्रथम सिंहलद्वीपाकडे जाऊ. कारण तेथील वृक्ष आपल्याच भूमीतून गेला आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अशोकाची कन्या संघमित्रा हिने बुद्धगयेच्या बोधिवृक्षाची शाखा अनुराधपुरास नेली आणि देवानंपिय तिस्स राजाने ती महामेघ उद्यानात लावली. मनुष्याने लावलेल्या आणि लावल्याची नोंद असलेल्या जिवंत वृक्षांत हा सर्वांत प्राचीन मानला जातो. ही शाखा काढली कशी, याची कथा महावंस ग्रंथात आहे, आणि ती मोठी मार्मिक आहे. बोधिवृक्षाला शस्त्र लावणे हे पाप. शाखा तर हवी. तेव्हा अशोकाने सोन्याच्या लेखणीने मनशिळेची एक तांबडी रेघ फांदीवर ओढली, आणि त्या रेघेवर फांदी आपोआप सुटून सुगंधी मातीने भरलेल्या सुवर्णपात्रावर येऊन स्थिरावली. चमत्काराचा भाग भाविकांनी भावाने घ्यावा. पण ज्याने कधी डाळिंबाची गुटी बांधली आहे त्याला ठराविक जागी केलेली खूण, ओलसर माती आणि सुटून आलेली फांदी हे सारे वाचून गालांत हसू आल्याशिवाय राहणार नाही.

त्या वृक्षाची आजची व्यवस्था पाहण्याजोगी आहे. तो जमिनीपासून बराच उंच बांधलेल्या चौथऱ्यावर आहे; भोवती सोनेरी कठडा आहे; म्हाताऱ्या झालेल्या फांद्यांना सोनेरी मुलाम्याचे टेकू दिलेले आहेत. १९०७ आणि १९११ साली वादळांत त्याच्या फांद्या मोडल्या, १९२९ साली एका वेडसर माणसाने एक फांदी तोडली. म्हणून त्याच्याभोवती दुसरे पिंपळ उभे केले आहेत. ते वारा अंगावर घेतात, वानरांना गुंतवून ठेवतात आणि मधल्या वृक्षाला निवांत राहू देतात. भाविकांची फुले खालच्या पायऱ्यांवर वाहिली जातात. लक्षावधी लोक येतात, पण त्याच्या बुंध्याला हात लावणे सामान्य यात्रेकरूच्या वाट्याला येत नाही. ज्याच्यावर सर्वांत अधिक भक्ती, त्याच्यापासून सर्वांत अधिक अंतर, असा हा रिवाज आहे. आपल्याकडे भक्तीचे माप स्पर्शाने होते. तेथे ते अंतराने होते.

मूळ बुद्धगयेचा वृक्ष १८७६ साली वादळात उन्मळून पडला. १८८१ साली पुराणवस्तुसंशोधक कनिंगहॅम यांनी त्याचेच मानले जाणारे रोप त्या जागी लावले; आज जो उभा आहे तो हाच. देहरादूनच्या वनसंशोधन संस्थेचे तज्ज्ञ त्याची वेळोवेळी तपासणी करतात. तुपालोण्याचे हजारो दिवे पूर्वी झाडाच्या आसपास लागत, त्यांच्यासाठी मंदिराच्या आवारातच निराळी काचेची दीपगृहे आहेत. धूर आणि उष्णता पानांपर्यंत जाऊ नये एवढाच त्यातला हेतू. दिवा लावण्याचे पुण्य कमी झाले अशी तक्रार कोणा भिक्षूने केल्याचे ऐकिवात नाही.

जपानची तऱ्हा अगदी वेगळी. तेथे झाड हे देवतेचे ठिकाण असते खरे, पण त्याहूनही अधिक ते घरातले वृद्ध माणूस असते. कानाझावा नगरात केनरोकुएन नावाचे जुने राजोद्यान आहे. त्या प्रदेशात हिवाळ्यात पडणारे बर्फ ओले आणि जड असते. पाइनच्या आडव्या पसरलेल्या फांद्या त्याच्या भाराने मोडतात. म्हणून दर वर्षी १ नोव्हेंबरला माळी कामाला लागतात. खोडाशेजारी उंच खांब उभा करून त्याच्या टोकापासून एकेका फांदीपर्यंत दोर ताणतात, आणि सगळे झाड एका सोनेरी छत्रीखाली उभे असल्यासारखे दिसू लागते. पहिला मान तळ्याकाठच्या कारासाकी येथील बीजापासून वाढविलेल्या प्रसिद्ध पाइनचा असतो. त्या एकट्याला सुमारे ८०० दोर लागतात. मार्च महिन्याच्या मध्यास हे दोर उतरवायला सुरुवात होते. पुढच्या नोव्हेंबरात पुन्हा तेच. यात कोणता मंत्र नाही, नैवेद्य नाही. परंतु ज्यांनी देवाची नित्य काकडआरती पाहिली आहे त्यांना या नेमधर्माची ओळख पटेल.

याच देशातील नेओदानी खोऱ्यात एक चेरीचा वृक्ष आहे. त्याचे वय पंधराशे वर्षे सांगतात. त्याची फुले गळताना फिक्या शाईच्या रंगाची होतात, म्हणून त्याला त्या शाईचेच नाव पडले आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर हा वृक्ष मरणपंथास लागला. तेव्हा १९४९ साली गिफू येथील एक वृद्ध दंतवैद्य पुढे आला. त्याला झाडांवर कलमे बांधण्याचा नाद होता. त्याने बुंध्याभोवतीची माती उकरली, कुजलेली मुळे काढून टाकली, आणि तरुण जंगली चेरींची २३८ मुळे त्या म्हाताऱ्या झाडाच्या मुळांना जोडली. ज्याचा जन्म दातांच्या मुळाशी गेला त्याने झाडाच्या मुळाला हात घातला, असेच म्हणायचे! झाड पुन्हा फुलले. पुढे १९५९ सालच्या भयंकर तुफानात त्याच्या फांद्या फार मोडल्या. १९६७ साली उनो चियो या कादंबरीकर्त्या विदुषी तेथे गेल्या, त्याची दशा पाहून कळवळल्या, आणि त्यांच्या लेखणीमुळे प्रांताच्या गव्हर्नरांना त्याची व्यवस्था करणे भाग पडले. आज त्याच्या फांद्यांखाली टेकूंचे जणू रानच आहे. पुढे १९९१ साली त्या देशात ‘वृक्षवैद्य’ अशी अधिकृत पदवीच सुरू झाली. अनुभव आणि परीक्षा यांवाचून ती मिळत नाही.

वृक्षवैद्य हा शब्द मात्र पश्चिमेकडे आधीच रूढ झाला होता. जॉन डेव्ही नावाचा गृहस्थ १८४६ साली इंग्लंडात सॉमरसेट परगण्यात जन्मला, १८७३ साली अमेरिकेस गेला, आणि ओहायो प्रांतातील केंट गावी स्थायिक होऊन १९०१ साली त्याने ‘द ट्री डॉक्टर’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. झाड हा जिवंत देह आहे, त्याला जखमा होतात आणि त्यांवर उपचार करता येतात, हे त्याने आपल्या देशबांधवांच्या गळी उतरविले. त्याच्या पंथाच्या लोकांनी पोकळ खोडे आतून खरवडून स्वच्छ केली आणि सिमेंटने भरली. किडका दात कोरून भरावा तसेच! अर्धे शतक आणि त्याहूनही अधिक काळ ही रीत चालली, आणि ती करणारे लोक प्रामाणिक होते.

पुढे अमेरिकेच्या वनखात्यातील अ‍ॅलेक्स शायगो या शास्त्रज्ञाने यंत्रकरवतीने हजारो झाडे उभी चिरून त्यांच्या जुन्या जखमा आतून पाहिल्या. त्याला आढळले ते असे. माणसाची जखम भरते, झाडाची भरत नाही; झाड तो भाग बंद करते. कुजलेल्या जागेभोवती ते आतून भिंती उभ्या करते आणि त्यांच्याबाहेर नवे लाकूड घालून पुढे वाढत राहते. डॉक्टरने पोकळी खरवडली की तीच भिंत फुटते आणि कूज नव्या लाकडात शिरते. सिमेंटचा ठोकळा वाऱ्याबरोबर डोलत नाही. झाड डोलते, आणि आत घर्षण होते. जखमेवर डांबर किंवा रंग फासल्यानेही कूज थांबत नाही. फांदी जेथे खोडाला मिळते तेथे सालीची एक फुगीर कड असते. ती न दुखवता तिच्या बाहेरून कापले तर झाड आपली भिंत नीट बांधते, खोडाला चाटून सपाट कापले तर बांधू शकत नाही. शायगो २००६ साली वारला. त्याची शिकवण आता बहुतेक देशांत मान्य आहे, तरी आपल्याकडे नगरपालिकांची माणसे फांद्या छाटून त्यावर गेरू-चुना लावतात आणि कर्तव्य केल्याचे समाधान मानतात.

येथे थोडे विषयांतर. नारळाला हे काही लागू नाही. नारळ, पोफळी, ताड यांच्या खोडाला वाढीचा तो बाहेरचा थरच नसतो, त्यामुळे त्यांच्या अंगावरची जखम कधी झाकली जात नाही. गोव्यात रेंदेराने चढण्यासाठी माडाच्या खोडात घातलेले खाचे माडाच्या अंतापर्यंत तसेच दिसतात. २०१६ साली गोव्याच्या कायद्यात नारळ हा वृक्ष धरावा की नाही यावरून मोठा वाद झाला आणि २०१७ साली त्याला राज्यवृक्षाचा मान मिळाला. शरीररचनेच्या दृष्टीने तो गवताच्या अधिक जवळचा आहे. पण कोकणी वा मराठी घरातील माणसाला हे सांगायला जाऊ नये.

ज्या पोर्तुगालने गोव्यावर साडेचार शतके राज्य केले त्या देशात तर झाडाची साल सोलणे हीच शुश्रूषा समजली जाते. बुचाचा ओक सुमारे पंचवीस वर्षांचा झाला की त्याची पहिली साल काढतात आणि पुढे किमान ९ वर्षे त्याला हात लावीत नाहीत. ज्या साली सोलले त्या सालाचा शेवटचा आकडा खोडावर रंगवितात, म्हणजे घाई करणाऱ्याला लाज वाटावी. आतल्या जिवंत थराला धक्का न लावता कुऱ्हाडीच्या पात्याने साल सोडविणे हे पिढीजात कसब आहे. परवानगीवाचून हे झाड तोडता येत नाही, आणि २०११ साली तेथील संसदेने त्याला राष्ट्रवृक्ष ठरविले. झाडापासून पोट भरणारे लोक झाड कसे जपतात याचे हे उदाहरण.

आणि झाडावर प्रेम करणारे लोक ते कसे मारतात याचीही उदाहरणे आहेत. स्कॉटलंडात फोर्टिंगल गावच्या चर्चच्या अंगणात एक अतिप्राचीन यू वृक्ष आहे. १७६९ साली त्याचा घेर पन्नास फुटांहून अधिक भरला होता. पुढे पाहायला येणाऱ्यांनी आठवण म्हणून त्याचे तुकडे नेण्यास प्रारंभ केला. अखेर त्याच्याभोवती भिंत घालावी लागली. इंग्लंडात शेरवुडच्या रानातील ‘मेजर ओक’चे तुकडे कोणी नेले नाहीत, लोक नुसते त्याच्या सावलीत उभे राहिले. लक्षावधी पावलांनी माती दगडासारखी घट्ट झाली, पाणी आत शिरेना, म्हणून १९७० नंतरच्या दशकात त्यालाही कुंपण आले. ग्वाल्हेरीत तानसेनाच्या समाधीजवळची चिंच ही तर आपल्या घरचीच गोष्ट. तिची पाने चावली की गळा गोड होतो, या श्रद्धेने गवयांच्या पिढ्यांनी ती ओरबाडली. मूळचे झाड राहिले नाही. त्या जागी नवे आहे, आणि त्याचीही पाने गवई खातात.

जेथे झाड आणि देऊळ यांचेच वैर पडते तेथे काय करावे? आपल्या प्रत्येक जुन्या देवळाच्या शिखरावर कावळ्याच्या कृपेने उगवलेला एक पिंपळ असतो, आणि विश्वस्त मंडळींत त्याविषयी दोन पक्ष असतात. कंबोडियातील ता प्रोम हे बाराव्या शतकातले देवालय याच वादाचे महाकाव्य आहे. प्रचंड वृक्षांनी तेथील दालने मुळांच्या मिठीत घेतली आहेत. मिठी सोडवावी तर भिंत कोसळते, तशीच ठेवावी तर भिंत फाटते. फ्रेंच संशोधकांनी ते स्थान बव्हंशी आहे तसेच राखण्याचे ठरविले. २००३ नंतर भारतीय पुरातत्त्व खात्याने कंबोडियन अधिकाऱ्यांबरोबर तेथे काम हाती घेतले, ते दगड आणि झाड दोहोंना आधार देत. एका अर्थी हा निर्णय टाळणेच आहे. पण काही वेळा निर्णय लांबविणे हीच शहाणीव असते. शिखरावरच्या चार बोटांच्या रोपाबद्दल मात्र असे म्हणता येणार नाही. ते कोवळे असतानाच मुळासकट सोडवून जमिनीत लावले तर देऊळही वाचते आणि पिंपळही.

आळंदीची कथा या ठिकाणी कोणाला आठवणार नाही? अजानवृक्षाची मुळी कंठाला लागली आहे, ती येऊन काढ, असा दृष्टान्त ज्ञानदेवांनी एकनाथ महाराजांना दिला आणि नाथांनी आळंदीस जाऊन ती मुळी दूर केली, असे परंपरा सांगते. या कथेचे पारमार्थिक विवरण अधिकारी पुरुषांनी पुष्कळ केले आहे. व्यवहाराच्या बाजूने एवढेच लक्षात घ्यावे की नाथांनी वृक्ष तोडला नाही आणि मुळी तशीच ठेवलीही नाही. त्या झाडाखाली आजही पारायणे चालतात.

हैदराबादेकडील भाविकांना पालमूर म्हणजे महबूबनगरजवळचा पिल्ललमर्री वड ठाऊक असेल. त्या नावाचा अर्थच ‘लेकुरवाळा वड’. वय सुमारे सातशे वर्षे सांगतात. २०१७ च्या अखेरीस वाळवीने पोखरलेली त्याची मोठी फांदी कोसळली. २०१८ साली तेथे जे दृश्य दिसले ते पाहून लोक थक्क झाले. रुग्णालयात लावतात तशा सलाइनच्या बाटल्या फांद्याफांद्यांना टांगलेल्या, आणि त्यांतून वाळवीनाशक औषध थेंबथेंब खोडात जात आहे! जोडीला मुळांशी औषध, जड फांद्यांना खांबांचे आधार, आणि पाहुण्यांना बंदी. हा इलाज सर्व जाणकारांना पसंत पडला असे नाही. परंतु वड मोठा चिवट. हावड्याच्या वनस्पती-उद्यानातील महावटाचे मूळ खोड १८६४ आणि १८६७ च्या वादळांनंतर बुरशीने कुजले आणि १९२५ साली ते काढूनच टाकावे लागले. तरीही तीन हजारांहून अधिक पारंब्यांवर तो वड उभा आहे आणि पसरतो आहे. वडाची पारंबी जमिनीला टेकू देणे हीच त्याची सर्वांत मोठी सेवा. आणि पारावरची फरशी नेमकी तीच होऊ देत नाही. वटपौर्णिमेला बाजारातून वडाची तोडलेली फांदी विकत आणून पुजणे हे तर सावित्रीलाही कोड्यात टाकील.

इथिओपियाच्या पठारावर सगळीकडे शेते आणि उघडे माळ पसरले आहेत, आणि मधूनमधून एकेक हिरवा ठिपका दिसतो. त्या प्रत्येक ठिपक्याच्या मध्यभागी एक ख्रिस्ती देवालय असते. आपल्या देवरायांची ही सख्खी बहीण. झाडे कोणी तोडीत नव्हते, तरी राने आक्रसत होती. कारण गुरे आत शिरून कोवळी रोपे खात. अलेमायेहू वासी हे तेथील वनशास्त्रज्ञ आणि मार्गारेट लोमन या अमेरिकन विदुषी यांनी धर्मगुरूंशी बोलून एक साधा उपाय काढला: शेतांतले दगड वेचून रानाभोवती गडगा घालायचा. शेत मोकळे झाले आणि रानात रोपे उभी राहिली.

आता पाराकडे वळू. झाडाची अन्नपाणी शोषणारी बारीक मुळे फार खोल नसतात. बहुतेक वरच्या दीड-दोन फुटांत असतात आणि सावलीच्या कडेपलीकडे पसरतात. त्यांना पाणी लागते तितकीच हवा लागते. जुना पार दगडावर दगड ठेवून रचलेला असे, आत माती असे. सांध्यांतून पाणी जाई आणि मुंग्याही जात. नव्या पारात यांपैकी काही नाही. २०१३ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने दिल्लीतील झाडांच्या भोवतालचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा हुकूम दिला. महाराष्ट्रात २०२१ पासून ५० वर्षांवरील झाडाला कायद्याने वारसावृक्ष म्हटले आहे. पण मठाच्या अंगणातली फरशी काढायला कायद्याची वाट कशाला पाहावी?

काम अवघड नाही, फक्त सावकाश करायचे आहे. उन्हाळा सरताना बुंध्याभोवतीची फरशी आणि सिमेंट हाताने, छिन्नीने काढावे. यंत्र लावू नये, कारण खालची मुळे त्याला दिसत नाहीत. खोडाला चढलेली माती हळूहळू उतरवून मुळांचा फुगीर भाग उघडा करावा. लोखंडी तारा, माळांचे जुने खिळे वर आले असतील ते काढावेत. जे लाकडाने गिळले आहेत ते राहू द्यावेत. झाडाचाच पाचोळा कुजवून वर पसरावा, मात्र खोडाला टेकवू नये. दिव्यांसाठी पाच-सहा हातांवर दगडी दीपमाळ किंवा कोनाडा करावा आणि तेल तेथेच वाहावे. प्रदक्षिणेचा मार्ग थोडा बाहेर सरकवून तो वाळूवर बसविलेल्या सुट्या दगडांचा करावा. पहिल्या पावसात विशेष काही दिसणार नाही. म्हाताऱ्या पिंपळाला उत्तर द्यायला दोन-तीन वर्षे लागतात. मग एखाद्या फाल्गुनात वाळलेल्या शेंड्याच्या खालून तांबूस कोवळी पालवी फुटलेली दिसते.